चिमट्याचे दिवस

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एका बँक मॅनेजरांच्या बायकोचा चिमटा घेतला आणि कलकत्त्याच्या मराठी मंडळींत माझं नाव झालं.

झालं असं, की बाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाल्या. मी त्यांचा तोच हात धरला, पालथा केला, पाठीवरची कातडी चिमटीत हलकेच उचलली, सोडली आणि ती खाली कशी बसते ते बघत राहिले. चटकन बसली. बाई ठणठणीत होत्या. "बसलं. पाणी नको," मी म्हणाले. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "अहो, पाणी नाही, कोकम सरबत केलंय," म्हणाल्या. तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण शेजारी एका प्रोफेसरांची बायको बसली होती, तिच्या पलीकडे तिची जाऊ. मी ओळीनं सगळ्यांचे हात पालथे करत गेले. जावेच्या लक्षात आलं आणि तिनं पदराखाली हात घेतला. परतीच्या ट्राममध्ये हे, म्हणजे माझे यजमान, एस्प्लनेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी तू तिळगूळ पोस्टानं पाठव."

मी नर्स होते. संसर्गजन्य रोगांच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. हे ऑडिटच्या नोकरीत बदली होऊन कलकत्त्याला आले तेव्हा मीही तिथे अर्ज टाकला. ब्राह्मणाच्या घरातली सून परक्यांची घाण काढायला जाते म्हणून साताऱ्याला बरीच कुजबुज झाली होती. पण सासूबाई आमच्याबरोबर डमडमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, पहिल्या महिन्याचा पगार त्यांच्या हातात पडला, आणि कुजबुज मिटली. "घाण काय, सगळेच काढतात. हिला पैसे मिळतात," असं त्यांनी शेजारणीला ऐकवलं. सासूबाई अशाच होत्या. सोवळंओवळं कडक, जीभ त्याहून कडक.

एकाहत्तर साली सीमेपलीकडून माणसांचे लोंढे आले आणि त्यांच्याबरोबर कॉलरा आला. आमच्या वॉर्डात आधी खाटा संपल्या, मग व्हरांडे संपले, मग जिन्याखालची जागा संपली. कॉलऱ्याची खाट म्हणजे कॅनव्हासची, मधोमध भोक पाडलेली, खाली बादली. त्या रोगात अंगातलं पाणी निघून जातं, एवढीच त्याची करामत. पाणी परत घालत राहिलं तर माणूस उठून बसतो आणि भात मागतो. घालायला उशीर झाला तर नाही. म्हणून कुणाला आधी पाणी द्यायचं हे झटक्यात ठरवावं लागायचं आणि त्याला एकच साधन: हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. निरोगी माणसाची लगेच बसते. पाणी आटलेल्याची तंबूसारखी उभी राहते. उभी राहिली की सलाईन. जरा सुस्तपणे बसली की मीठ-साखरेचं पाणी, पेल्यामागून पेला. पटकन बसली की पुढचा. मी तोंडानं पुटपुटत जायचे, "उभं, बाटली. बसलं, पाणी नको." वॉर्डातल्या बंगाली मुलींना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण पावसाळा संपेपर्यंत त्यासुद्धा "बोसलो, पानी नोको" म्हणायला लागल्या.

ते दिवस मी हॉस्पिटलच्या होस्टेलातच काढले. घरी यायचे ती कपडे बदलायला, आणि लेकीकडे लांबूनच बघून जायचे. लेक बालवाडीत होती. दाराशी उभी राहून ती मला हात दाखवायची आणि मी जिन्यात उभी राहून.

दुर्गापूजेच्या सुमाराला वॉर्ड रिकामा झाला. फरशी धुतली, बादल्या उलट्या घालून वाळत ठेवल्या. आमच्या मुख्य सिस्टरनं आम्हाला रसगुल्ले खिलवले आणि रजेवर पाठवलं. मला म्हणाली, "घरी जा, झोप, भरपूर मासे खा." मी मासे खात नाही हे तिला सहा वर्षं माहीत होतं, पण बंगाल्यांच्या मते हा एक आजारच आहे, बरा होईल कधीतरी.

साथ संपली. आमचे हात मात्र कामावरच राहिले. माझ्या जोडीची एक सिस्टर होती, तिला दिसेल त्याचं मनगट धरून नाडी बघायची खोड लागली. ट्रामच्या कंडक्टरनं तिकीट पुढे केलं तर तिनं तिकीट सोडून त्याचं मनगटच धरलं. तो भला माणूस, नाडी मोजून होईपर्यंत थांबला, मग दुसरा हात पुढे करून म्हणाला, "दीदी, हाही बघा, मला झोप येत नाही." एक तरुण डॉक्टर होते, त्यांची अडचण बादल्यांची. बादली दिसली की आत डोकावायचंच, रंग बघायचा, किती भरली ते बघायचं. आता बंगाली लग्नात पंगतीला डाळ काय, मासळीचा रस्सा काय, बादलीतूनच वाढत येतात. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नात डॉक्टर पानावरून उठले ते थेट फाटकाबाहेर. त्या वर्षी त्यांनी एकाही लग्नात जेवण केलं नाही आणि त्यांची आई सगळीकडे सांगत सुटली की मुलगा विरक्त झाला.

ड्यूटीवर पुन्हा भेटलो की आम्ही या गोष्टी एकमेकांना सांगायचो आणि पोट दुखेपर्यंत हसायचो. याला काही नाव असेल, याबद्दल कुणाला विचारावं, हे आमच्या डोक्यातही आलं नाही. तेव्हा मनाचं म्हणून जे काही होतं ते एकदम रांचीला. तिकडच्या वेड्यांच्या इस्पितळाचा लौकिक इतका, की कलकत्त्यात कुणी जरा विचित्र वागला की त्याला रांचीचं तिकीट काढून देऊ असं म्हणायचे. मधलं स्टेशन नव्हतंच. त्यामुळे आम्ही हसत होतो, आणि मी चिमटे घेत होते.

भाजीवाल्याचा घेतला. धोब्याचा घेतला. ह्यांचा तर झोपेत घ्यायचे. पण सगळ्यांत जास्त घेतले ते लेकीचे. घरी परतले त्या दिवशी ती धावत आली, मी तिला पोटाशी धरायच्या आधी तिचा हात पालथा केला. बसलं. पाणी नको. मग पोटाशी धरलं. जेवायला बसली की चिमटा, शाळेतून आली की चिमटा, खेळून घामेजली की दोन. दुखेल असा नसे, पण पोर ती पोर. एक दिवस गॅलरीतून ऐकलं, ती शेजारच्या बंगाली मावशींना सांगत होती, "आमार मा चिमटी काटे." त्यानंतर मी खोलीत शिरले की ती दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. रस्ता ओलांडताना बापाचा हात धरायची. बाप नसेल तर आजीचा. दोघंही नसतील तर माझ्या पदराचं टोक.

मला याचं इतकं वाईट वाटायचं की सांगता येत नाही. मला तिचा हात हवा होता, साधा, आया धरतात तसा. आणि हात हातात आला की माझी बोटं त्याला पालथा करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. चिडायचे मी स्वतःवर. पोळपाटाखाली हात दाबून बसून पाहिलं. त्यानं पोळ्या तेवढ्या राहिल्या.

याचं कारण मला माहीत नव्हतं असं नाही. वॉर्डात एक मुलगी होती, आमच्या लेकीएवढीच. आजीबरोबर आली होती. पहिल्या दिवशी बाटल्या लावल्या, दुसऱ्या दिवशी उठून बसली, तिसऱ्या दिवशी मी जवळून गेले की स्वतःहून हात पुढे करायची, पालथा करून. तिला तो खेळ वाटत असावा. मीही दर वेळी थांबून चिमटा घ्यायचे आणि "पाणी नको" म्हणायचे, ती खुदकन हसायची. मग आजीला बरं वाटेना म्हणून मी एक अख्खी सकाळ त्या म्हातारीपाशी होते. परत आले तर मुलीचा रोग उलटला होता. हात पुढे केलेलाच होता. मी चिमटा घेतला आणि तो उभा राहिला, आणि नंतर सलाईन लावायला शीर सापडली नाही. तिचं नाव मला आठवतं. ते मी कुणाला सांगत नाही. आमच्या हाताखालून गेलेली बहुतेक माणसं भात खाऊन आपल्या पायांनी बाहेर पडली, हेही सांगायला हवं; पण बोटांना बहुतेकांची आठवण राहत नाही.

तर हळदीकुंकवाचा तो पराक्रम सासूबाईंच्या कानावर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. चटईवर बसल्या होत्या, जपमाळ मांडीवर. उजवा हात पालथा करून गुडघ्यावर ठेवला होता.

"बस," त्या म्हणाल्या. "हा घे हात. रोज दिवेलागणीला यायचं आणि हवे तेवढे चिमटे घ्यायचे. पण पोरीच्या हाताला हात लावायचा नाहीस."

"आई, तुमच्या वयात कातडी तशीही उभीच राहते. त्याला काही अर्थ नसतो."

"तुला चिमट्याशी मतलब आहे की अर्थाशी?"

मी चिमटा घेतला. सत्तरीचा हात तो, कातडी उभी राहिली आणि तशीच राहिली, पापडाच्या कडेसारखी. म्हातारपणी हे असंच असतं, हे मी स्वतः नव्या मुलींना शिकवत आले होते. तरी छातीत धडधडायला लागलं. मी धावत आत गेले, तांब्याभर पाणी, चिमूटभर मीठ, मूठभर साखर, ढवळून आणलं.

"हे काय?"

"प्या. कातडी उभी आहे."

"आत्ताच म्हणालीस ना अर्थ नसतो?"

"प्या हो आई."

त्यांनी जपमाळ उचलली. मग म्हणाल्या, "ठेव तिथं. जप झाला की पिते."

असं रोज सुरू झालं. दिवेलागण, चिमटा, धडधड, तांब्या. मी स्वयंपाकाला लागायचे, अर्ध्या तासानं येऊन बघायचे तर तांब्या रिकामा, सासूबाई जपात. मला त्या रिकाम्या तांब्यानं किती शांत वाटायचं. त्या रात्री मी कुणाचाही चिमटा न घेता झोपायचे. एकादशीला अडचण आली. उपासाला मीठ चालत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, मग सैंधव घालते. सैंधव घरात नव्हतं. ह्यांना ऑफिसातून परस्पर बडाबाजारात पाठवलं. हे सैंधवाची पुडी घेऊन आले ते घामाघूम, आणि एवढं होऊन सासूबाईंचं म्हणणं, "बिनमिठाचं गोड पाणी चाललं असतं मला." पण ह्यांच्या तोंडाकडे बघून गप्प बसल्या. दारामागे लेक उभी असायची. रोज. हात पाठीमागे, एक डोळा फटीतून.

माझी समजूत अशी, की सासूबाईंना मी सांभाळते आहे. या पाण्यावर त्या टिकून आहेत.

गॅलरीत त्यांचा मोगरा होता. साताऱ्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली फांदी. गाडीत स्वतःच्या पिण्यातलं पाणी तिच्यावर शिंपडत आणली होती. देवाला फुलं त्याचीच. चैत्राच्या तोंडाशी त्याला कळ्या यायच्या. त्या वर्षी कळ्यांच्या जागी पानं पिवळी पडली, कडेनं करपली. मी खत घालायला वाकले तर कुंडीत मुंग्या. एकदोन नव्हे, जिन्याच्या खालून निघालेली अख्खी रांग, भिंतीवरून, गजावरून, सरळ कुंडीत. माती बोटावर घेतली, चिकट लागली. जिभेला लावली. माझ्या हातचं पाणी मी ओळखणार नाही तर कोण.

सासूबाई चटईवरच होत्या. डोळे मिटलेले, पण जपमाळ थांबलेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"पाणी."

त्यांनी डोळे उघडले. "पहिल्या दिवशी प्याले हो. अर्धा तांब्या प्याले. ते काय पिण्याचं पाणी आहे? दुसऱ्याचा घाम प्यावा तसं लागतं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मोगरा. मला वाटलं, साखर आहे, गोड मानून घेईल."

मला असा संताप आला. इतके दिवस मी जीव मुठीत धरून आत-बाहेर करत होते, बडाबाजारातून सैंधव आणवत होते, आणि म्हातारी झाडाला पाजत होती. "आई, कातडी रोज उभी राहत होती तुमची. रोज. मी बघत होते."

"राहत होती ना?"

"हो."

"आणि मी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोर बसल्या होत्या, ओच्याला वाटाण्याची टरफलं चिकटलेली. सकाळीच कचऱ्याच्या डब्यावरून खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी कडाक्याचं भांडल्या होत्या, त्या मराठीत आणि ते बंगालीत, आणि जिंकूनही आल्या होत्या. दुपारी साटोऱ्या केल्या होत्या. इतक्या संध्याकाळी मी तो हात उचलला, तो उभा राहिला, पाणी कुंडीत गेलं, आणि काही म्हणता काही झालं नाही. आमच्या घरात त्या सगळ्या काळात बळी गेला तो फक्त मोगऱ्याचा. मला हसू आलं. हसता हसता रडू आलं आणि ते काही थांबेना. त्या मुलीसाठी मी तोवर रडलेच नव्हते हे मला तेव्हा कळलं. सासूबाईंनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. वाटाण्याची टरफलं एकेक करून उचलत माझं संपेपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, "मोगऱ्याची माती बदलायला हवी. त्याला सांग, येताना चांगली माती आण म्हणावं."

म्हणजे ह्यांना पुन्हा खेप.

खोड काही एका दिवसात सुटली नाही. दिवेलागणीला बोटं वळवळायचीच, मी गॅलरीत जायचे, सासूबाई हात पुढे करायच्या. कातडी उभी राहायची आणि आता मला धडधडीबरोबर मुंग्याही आठवायच्या. तांब्या मी आणायचे, पण उशिरा आणायचे. मग कधी कधी विसरायला लागले.

अशाच एका संध्याकाळी मी चिमटा घेतला तर सासूबाई म्हणाल्या, "सोडू नकोस. धरून ठेव तसाच."

"का?"

त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "चिमणे, हातांचा मनोरा करतोय. खालचा मजला झाला, दुसरा झाला. वर कोण?"

हा खेळ लेक आजीशी नेहमी खेळायची. हातावर हात रचायचे, प्रत्येकानं खालच्याचा चिमटा धरायचा आणि मनोरा वरखाली हलवायचा, कोसळेपर्यंत. दार जरा हललं. एक डोळा दिसला, मग दुसरा. ती आली, पण अंतर राखून उभी राहिली. मनोऱ्याकडे बघितलं. आजीचा हात खाली, माझा वर, आणि माझी बोटं अडकलेली. वरच्याचा चिमटा कुणीच घेत नाही, हा हिशेब तिच्या ध्यानात आला असावा, कारण पाठीमागून एक हात हळूहळू पुढे आला आणि माझ्या हातावर बसला. तिनं चिमटा धरला. चांगला जोरात धरला, सगळी बाकी वसूल केल्यासारखा. मनोरा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. आजीनं मुद्दाम हात ओढला आणि तो कोसळला.

ती एरवी इथे हसायची. त्या दिवशी हसली नाही. माझा हात तिनं दोन्ही हातांनी स्वतःपाशी ओढला आणि पालथा केला. पाठीवरची कातडी चिमटीत उचलली, या खेपेला अगदी हलकेच, सोडली, आणि नाक टेकेल इतकं जवळून बघत राहिली, मी बघायचे तशीच.

"बसलं," ती म्हणाली. मग मान वर करून माझ्याच आवाजात, "पाणी नको."

इतक्या महिन्यांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. तिनं माझ्या हातात हात तसाच राहू दिला, लहानसा, वाटाण्याच्या शेंगांचा वास येणारा. मी तो पालथा केला नाही.